गाणी सगळी पाठ, अक्षर एकही नाही: टीव्हीवरच्या बडबडगीतांचं करायचं काय?

एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात देते. हे कुटुंब नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतं. मुलगी पावणेचार वर्षांची. आईबाबा दोघंही नोकरीला, दिवसा आजी सांभाळते. अक्षरांचे आवाज आणि गाणी शिकवणारा एक इंग्रजी कार्यक्रम मुलगी टीव्हीवर रोज दीड-दोन तास बघते. गाणी सगळी पाठ आहेत, ‘ॲ ॲ ॲपल’ म्हणते, पण पुस्तकातलं एकही अक्षर ओळखत नाही, मराठी तर नाहीच. कार्यक्रम खरंच काही शिकवतो का, की बंद करावा? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळची गाणी काय वाईट होती?

बंद करू नका. वेळ अर्धा करा, आणि त्या अर्ध्या वेळात तिच्या शेजारी कुणीतरी बसा. घाईत असाल तर इथेच वाचणं थांबवलंत तरी चालेल. पण सासूबाईंच्या बोलण्यात जे तथ्य आहे ते तुम्ही समजता त्याहून बरंच मोठं आहे, आणि त्यासाठी जरा सविस्तर लिहावं लागेल.

मी पंचवटीतल्या एका बालवाडीत २३ वर्षं शिकवलं. पुढे पेठ-सुरगाण्याकडच्या अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेतली. मधली दोन वर्षं लहान मुलांच्या एका टीव्ही मालिकेच्या संहिता तपासायचं काम केलं. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजू बघितल्यात. टीव्हीला शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही, आणि टीव्ही लावला की मूल शिकतं असं म्हणणाऱ्यांतलीही नाही.

आधी वेळेचं उरकून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात जास्तीत जास्त एक तास पडद्यासमोर बसावं, त्याहून कमी तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच या वयात फार तर तासभर. यात मोबाईल धरलेला आहे. सकाळी भरवताना दाखवलेला मोबाईल ‘मोजायचा नाही’ असं घरोघर ठरलेलं असतं, तो मोजा.

आता अक्षरं. पावणेचार वर्षांच्या मुलीला अक्षर ओळखता आलं नाही म्हणून काहीही बिघडलेलं नाही. शेजारची मुलगी ओळखत असेल. ओळखू दे. वाचन डोळ्यांपासून सुरू होतं असं आपल्याला वाटतं, पण ते कानापासून सुरू होतं. शब्द म्हणजे आवाजांची माळ आहे, तिचे मणी वेगळे करता येतात, एक काढून दुसरा ओवता येतो, हे मुलाला आधी कानाने कळावं लागतं. अक्षर म्हणजे त्या मण्याचं चित्र. मणीच माहीत नसेल तर चित्र कशाचं? इंग्लंडमधल्या ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार-पाच वर्षांच्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांना त्यांनी तीन-चार शब्द ऐकवले आणि त्यांतला न जुळणारा शब्द ओळखायला सांगितला. पुढे काही वर्षं त्याच मुलांकडे लक्ष ठेवलं. यमक आणि सारखा आवाज ज्यांना लहानपणी चटकन पकडता येत होता, ती मुलं पुढे वाचनातही बरी निघाली.

हाच खेळ मराठीत करून बघा. काठी, गाठी, लाठी, मांजर. यातलं वेगळं कोण? ती ‘मांजर’ म्हणेल, पण मांजर जिवंत असतं म्हणूनही म्हणेल! म्हणून चौथा शब्दही वस्तूचाच घ्या: काठी, गाठी, लाठी, चमचा. असल्या बारीकसारीक गोष्टींवर संहिता लिहिणाऱ्यांशी आमची तासन्‌तास भांडणं व्हायची.

सासूबाईंच्या गाण्यांची किंमत इथे कळते. ‘आपडी थापडी गुळाची पापडी’ घ्या. आपडी, थापडी, पापडी. शेपूट तेच, डोकं बदललं. ‘अडगुलं मडगुलं सोन्याचं कडगुलं’ घ्या, तिथेही तेच. ‘करंगळी मरंगळी’ तशीच. ज्याला परदेशात मोठी नावं देऊन अभ्यासक्रमात घालतात, ते आपल्या आज्यांनी मांडीवर बसवून, तळहातावर थापट्या मारत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. अर्थ विचारायला गेलात तर ‘अडगुलं’ म्हणजे काय ते कुणालाच धड सांगता येत नाही, आणि त्याने काही अडतही नाही. अर्थ बाजूला पडला की कान आवाजाकडे वळतो.

आणखी एक गंमत आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आपण दिवसभर ‘चहा-बिहा’, ‘पाणी-बिणी’, ‘शाळा-बिळा’, ‘जेवण-बिवण’ असं बोलत असतो. शब्दाचं पहिलं अक्षर उडवायचं, तिथे ‘बि’ बसवायचं. तीन-चार वर्षांची मुलं हे आपोआप उचलतात. म्हणजे ‘शाळा’ मधला ‘शा’ सुटा करता येतो, हे तुमच्या मुलीला बोलताना कळतंच आहे, फक्त आपल्याला कळतंय हे तिला माहीत नाही. तिला विचारा, ‘फुगा’चं काय होईल? ‘फुगा-बिगा’. ‘खुर्ची’चं? आणि मग विचारा, ‘बिस्किट’चं काय? ‘बिस्किट-बिस्किट’ म्हणून ती अडकेल आणि हसत सुटेल. बालवाडीत या एका प्रश्नावर माझी दहा मिनिटं सहज जायची. पुढे सात-आठ वर्षांची झाली की मुलं ‘च’ची भाषा बोलायला लागतात. ‘पाणी दे’चं ‘चाणीप चेद’. यात काना तिथेच ठेवून फक्त ‘प’ उचलून शब्दाच्या शेवटी नेलाय. एवढी बारीक चिरफाड मुलं आपखुशीने, मोठ्यांपासून लपून करतात! पण ते नंतर. आत्ता ‘बि’ पुरे.

टीव्हीकडे वळू. असल्या कार्यक्रमांचं मूळ घराणं म्हणजे अमेरिकेतला ‘सेसमी स्ट्रीट’. जोन गँझ कूनी आणि सहकाऱ्यांनी तो नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू केला, तोही गरीब वस्त्यांतल्या, शाळेत जायच्या आधीच मागे पडणाऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. तो बनवताना त्यांनी जे केलं ते मला आजही भारी वाटतं. एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने मुलांना टीव्हीसमोर बसवलं आणि शेजारीच दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं लावली. मूल कार्यक्रम सोडून कधी त्या चित्रांकडे बघतं ते टिपायचं. जिथे मान वळली तो भाग कच्चा. बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र दाखवू नयेत, मुलांचा गोंधळ होईल, असं तज्ज्ञांनी बजावलं होतं. तपासात दिसलं की फक्त माणसं असलेल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत मुलांच्या माना सरसकट वळताहेत. शेवटी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्या त्या रस्त्यावर आणल्या. त्याचंच हिंदी भावंड म्हणजे २००६ साली आलेलं ‘गली गली सिम सिम’. आपल्याकडे पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून मराठीत शालेय कार्यक्रम बनवत होती. तुमच्या दादा-ताईंना तिची सुरुवातीची धून आठवत असेल, विचारून बघा. कोरोनात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, पण ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती. अंगणवाडीच्या वयाला मराठीत, आवाजांवर नीट काम करणारं, रोज लागणारं असं फारच थोडं आहे, म्हणूनच घरोघर इंग्रजी नाहीतर हिंदी लागतं. तुमचा त्यात दोष नाही.

पण मान वळली नाही म्हणजे मूल शिकलं असं होत नाही. हे मला आमच्या मालिकेच्या पहिल्याच भागाने शिकवलं.

त्या भागात एक बाहुला विचारायचा, ‘प वरून काय सांगाल?’ आणि सेकंदाभरात स्वतःच ‘पतंग!’ म्हणून मोकळा व्हायचा. आम्ही तो भाग माझ्याच बालवाडीतल्या चौदा मुलांना दाखवला. सगळे टीव्हीकडे बघत होते, मी मुलांच्या तोंडांकडे. प्रश्न आला की तोंडं उघडायची, ओठ एकमेकांना लागायचे, आता ‘प’ येणार एवढ्यात पडद्यावरून उत्तर यायचं. ओठ तसेच मिटायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्या प्रश्नाला एकानेही तोंड उघडलं नाही. नजर मात्र हलली नव्हती हं! बाहेरून बघणारा म्हणाला असता, काय रमलीत मुलं.

मी म्हटलं, इथे चार सेकंद थांबा. संकलन करणारा मुलगा हसला. ‘ताई, चार सेकंद काहीच नाही आलं तर लोकांना वाटेल संच बिघडला.’ घासाघीस करून तीनवर जमलं. पुढच्या खेपेला निम्म्याहून जास्त मुलं ओरडली, सगळ्यात मोठ्याने ‘पप्पा!’. एक पोरगी ‘काईट!’ म्हणाली, कारण मागे पतंगाचं चित्र होतं आणि तिच्या घरी त्याला काईटच म्हणायचे. चित्राने आवाजावर मात केली ती अशी. त्या दिवसापासून मी कुठलाही कार्यक्रम पारखताना एकच बघते: प्रश्नानंतर तो किती थांबतो. गाणं चांगलं, चित्रं चांगली, पण थांबतच नसेल तर तो मुलाशी बोलत नाहीये, मुलासमोर बोलतोय.

आणि कितीही थांबला तरी त्याला ऐकू येत नाही. तुमची मुलगी ‘पप्पा’ म्हणाली काय, ‘टमाटा’ म्हणाली काय, बाहुला ‘शाब्बास!’च म्हणणार. ही उणीव कुठल्याच कार्यक्रमाला भरून काढता येत नाही, ती शेजारी बसलेल्या माणसाने भरायची. अगदी तान्ह्या मुलांवरचा एक प्रयोग आहे, पॅट्रिशिया कूल या संशोधिकेचा, २००३ सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. काहींना समोर बसलेल्या, खेळणाऱ्या माणसाकडून, काहींना त्याच माणसांच्या चित्रफितीवरून. समोर माणूस होतं ती बाळं चिनीतले आवाज वेगळे ओळखू लागली. चित्रफीत बघणारी होती तिथेच राहिली. तुमची मुलगी आता तान्ही नाही, पडद्यावरून ती बरंच उचलू शकते, पण कल याच बाजूला आहे. ‘सेसमी स्ट्रीट’च्या पहिल्यावहिल्या मूल्यमापनातही दिसलं होतं की जास्त बघणारी मुलं जास्त शिकली, आणि ज्यांच्या आया सोबत बसून त्यावर बोलत होत्या त्या मुलांना अधिक फायदा झाला.

मग करायचं काय, तर आठवड्याला एक गाणं धरा. एकच. रोज नवा भाग लावायची गरज नाही. ‘ब्लूज क्लूज’ नावाचा कार्यक्रम १९९६ साली आला तेव्हा वाहिनीने एकच भाग सलग पाच दिवस दाखवायची पद्धत ठेवली होती, आणि पाचव्या दिवशी मुलं कंटाळायच्या ऐवजी जास्त बोलू लागायची. ‘तेच तेच लाव’ म्हणून तुमची मुलगी मागे लागत असेल तर ती बरोबर मागतेय.

पहिल्या दिवशी नुसतं सोबत बसून बघा. काही शिकवू नका, काही विचारू नका, तुमचा पाय ताल धरतोय एवढं तिला दिसलं तरी पुरे. दुसऱ्या दिवशी तोच भाग लावा आणि गाण्याच्या वेळी रिमोटने आवाज बंद करा. चित्रं हलतील, गाणं तिला म्हणावं लागेल. ज्या मुलांना ‘सगळं पाठ आहे’ असं घरचे सांगतात त्यांतली कितीतरी इथे अडखळतात, कारण त्यांना टीव्हीमागून म्हणायची सवय असते, स्वतःहून नाही. तिसऱ्या दिवशी टीव्ही नाहीच. कणीक मळताना तुम्ही म्हणा, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो...’ आणि गप्प. मनात चार अंक मोजा. हे चार अंक फार लांब वाटतात, आईला तर फारच. तरी मोजा. तिने ‘पैसा’ म्हटलं की पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम चुका: ‘तुला देतो केळं’. ती चिडेल. ‘का गं, केळं का नाही?’ असं विचारा. ‘असं नसतं!’ एवढंच तिला सांगता येईल, यमक जुळत नाही हे शब्दांत नाही सांगता येणार, पण कान खटकला म्हणजे काम झालं. मग तिलाच जुळवू द्या. पावसा, पैसा, मासा, ससा. ‘टासा’ म्हणाली तर तेही चालेल. असा शब्दच नाही म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका, अर्थ नसलेला पण यमक साधलेला शब्द तिने स्वतः घडवणं ही या वयातली मोठी मजल आहे.

टाळ्यांचा खेळ तर फुकट आहे. नावं घ्या आणि तुकड्यागणिक टाळी वाजवा. आजी, बाबा, पाणी, पंचवटी. इथे शिक्षकही चुकतात ते सांगते. ‘बदक’ला टाळ्या किती? लिहिता येणारा माणूस म्हणतो तीन, ब-द-क. मूल दोन वाजवतं: ब-दक. मूल बरोबर आहे. आपण बोलताना शेवटचा ‘क’ पाय मोडूनच म्हणतो, त्याला अ लावत नाही. तीन टाळ्या या डोळ्यांच्या, दोन कानाच्या. तिने दोन वाजवल्या तर ‘चूक’ म्हणू नका. वाचायला लागली की तिसरी टाळी आपोआप येते.

नुसते आवाज ओळखणं ही या सगळ्याच्याही आधीची पायरी. डोळे मिटून बसायचं आणि काय काय ऐकू येतंय ते सांगायचं. तुमच्याकडे तर खजिना आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक, कुकरच्या शिट्ट्या, वारं तिकडून असेल तर देवळालीच्या तोफखान्याचा ‘धुम्’. पंचवटीतली माझी मुलं काळाराम मंदिराची घंटा आणि घंटागाडीची घंटा डोळे मिटून वेगळी सांगायची. रविवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाल तेव्हा घाटावर बसून हाच खेळ खेळा. एकसारख्या दोन डब्यांत शेंगदाणे आणि साबुदाणा भरून वाजवून दाखवा, कशात काय ते विचारा.

आता इंग्रजी आणि हिंदी कार्यक्रमांबद्दल, कारण मराठी घरात त्यांचे काही खास गुंते होतात.

इंग्रजीत ‘ब’चा नुसता आवाज, मागे ‘अ’ न लावता, काढायचा असतो. आपल्या अक्षरांत ‘अ’ मुरलेलाच असतो, म्हणून आपली मुलं आणि आपण ‘बऽ ॲ टऽ’ म्हणतो आणि त्यातून ‘बॅट’ काही केल्या तयार होत नाही. मराठीत ही अडचणच नाही. ब, द, क म्हणा, बदक झालं. म्हणून सुटे आवाज जोडून शब्द होतो हा साक्षात्कार मराठी मुलाला मराठीतून लवकर होतो, आणि एकदा झाला की इंग्रजीत तोच कामी येतो. तुम्ही उलट क्रमाने चाललात म्हणून ती अडकल्यासारखी वाटतेय. इंग्रजी कार्यक्रम राहू द्या, पण त्यातली गाणी गाणी म्हणूनच. आवाज जोडायचा खेळ मराठीत खेळा.

हिंदी कार्यक्रमांत ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ होतो, आपला ‘द्न्य’. ‘ऋषी’ तिकडे ‘रिषि’, आपल्याकडे ‘रुषी’. ‘ळ’ तर त्यांच्या वर्णमालेत येतच नाही, आणि आपलं बाळ, केळं, डाळ, शाळा सगळं ‘ळ’वर चाललेलं. घाबरायचं कारण नाही, मुलं दोन्ही सांभाळतात. फक्त आपल्या ‘ळ’चं गाणं घरातून आलं पाहिजे एवढं ध्यानात ठेवा.

मराठी तक्तेही काही सोवळे नाहीत. ‘ऐ ऐरणीचा’, ‘औ औताचा’. नाशिकच्या फ्लॅटमधल्या मुलाने ऐरण कुठे बघितली? चित्र अनोळखी असलं की आवाजाला आधार राहत नाही. एका हौशी शिक्षिकेने, आपण द्राक्षांच्या गावचे म्हणून, ‘द द्राक्षाचा’ लावलं होतं. कौतुक वाटलं, पण द्राक्षात मुलाला नुसता ‘द’ ऐकूच येत नाही, ‘द्र’ येतो. दार घ्या, दगड घ्या, दही घ्या. ‘च’ची तर वेगळीच तऱ्हा. चाकातला ‘च’ आणि चिमणीतला ‘च’ म्हणून बघा, जीभ वेगळीकडे टेकते. झाड आणि झिम्मा, तसंच. लिहायला अक्षर एक, आवाज दोन. एखाद्या मुलाने ‘चाक आणि चिमणी सारखे नाहीत’ म्हटलं तर त्याला गप्प करू नका, त्याचा कान तक्त्याहून तिखट आहे. आणि ‘ण’, ‘ळ’ यांनी मराठी शब्दाची सुरुवातच होत नाही, म्हणून तर तक्त्यावाल्यांनी ‘ण बाणाचा’ करून वेळ मारून नेली. ही अक्षरं शब्दाच्या शेवटी ऐकवायची.

लिहिणं आत्ता नको. पुढच्या जूनमध्ये छोट्या गटातून मोठ्या गटात जाताना शाळा रेघोट्या, वळणं मागेल, काही शाळा त्याहून पुढचंही मागतील. तीन-साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबणाऱ्या शाळांवर माझा राग जुना आहे, तो इथे काढत नाही. ‘ि’ ही वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते, या एका भानगडीवरच पहिलीतली मुलं महिनाभर ठेचकाळतात. ज्यांचा कान तयार असतो ती लवकर सावरतात. अक्षर दाखवायचंच असेल तर तिच्या नावाचं पहिलं अक्षर दाखवा, चपलांच्या कप्प्यावर, डब्यावर चिकटवा. तिथून पुढे ती स्वतः विचारत जाते. ‘हे माझं अक्षर सिटीलिंकच्या बसवर कसं काय?’ असा प्रश्न आला की समजा गाडी रुळावर आहे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने बघा. गाणी धडाधड म्हणते, ठीक. पण हाक मारल्यावर वळून बघते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? ‘आज आजीने काय केलं?’ विचारलं तर तिचं स्वतःचं, मोडकंतोडकं का होईना, उत्तर येतं का, की टीव्हीतलंच वाक्य जसंच्या तसं? खेळताना तुमच्याकडे बघून हसते का? यांपैकी दोन-तीन ठिकाणी उत्तर नाही असेल, तर टीव्ही कमी करून वाट बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान तर तपासाच. सतत सर्दी असलेल्या, कान वाहणाऱ्या मुलांना अर्धवट ऐकू येतं आणि आपण म्हणतो लक्ष देत नाही. अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्या दिवशी तिला घरी ठेवू नका. तुमच्या पत्रावरून मला तसं काही वाटत नाही, पण पत्रावरून कळतं किती!

आता आजी. सासूबाई मूळच्या कुठल्या ते तुम्ही लिहिलं नाही. सिडको-पाथर्डीकडे खान्देशातली घरं भरपूर, म्हणून विचारते: त्या घरात अहिराणी बोलतात का? आणि तुम्ही ‘तिच्यासमोर शुद्ध बोला’ असं त्यांना सांगितलंय का? सांगितलं असेल तर मागे घ्या. ‘नाव काय शे?’ म्हणून विचारणारी आजी आणि ‘नाव काय आहे?’ म्हणणारी आई, एवढ्या फरकाने मुलीचा कान अधिकच तयार होतो, बिघडत नाही. सुरगाण्याच्या एका अंगणवाडीत प्रमाण मराठीतली गाणी लावली की कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुलं पुतळ्यासारखी बसायची. मदतनीस बाईंनी त्यांच्या बोलीतलं, लग्नात म्हणतात त्यातलं एक गाणं सुरू केलं आणि खोलीत कुणी बसेना. यमक ओळखायचा खेळ आम्ही त्या गाण्यावरच घेतला. प्रमाण मराठी महिन्याभराने आली, आणि विनासायास आली.

दिवसभर तुम्ही घरी नसता, तेव्हा टीव्हीशेजारी बसायचं काम त्यांच्याकडेच जाणार. इंग्रजी गाणं कळत नाही म्हणून त्या स्वयंपाकघरात जात असतील. त्यांना सांगा, कळायला हवं असं नाही. गाणं संपलं की नातीला एवढंच विचारायचं, ‘काय म्हणाला गं तो, मला समजलं नाही, तू सांग.’ खरोखरच न समजलेलं माणूस समोर असलं की मूल जीव तोडून समजावतं. हे आईला जमत नाही, तिचं न समजणं खोटं आहे हे मुलाला लगेच कळतं.

आणि त्यांची गाणी तुमच्या फोनवर रेकॉर्ड करा, नुसता आवाज, व्हिडिओ नको. त्या लाजतील, ‘माझा काय आवाज’ म्हणतील, तेव्हा नातीला मांडीवर देऊन मगच बटण दाबा. रात्री दिवा बंद केल्यावर ते लावा, आणि मधेच एका ओळीच्या शेवटी थांबवून बघा अंधारातून काय येतं.